पोहता येत नाही, तरी प्रवाळ बघायला पाण्यात उतरावं का?

सांगलीहून एका ताईंनी विचारलंय: "मी ४४ वर्षांची. पोहता येत नाही. लहानपणी कृष्णेच्या घाटावर पाय घसरून नाकातोंडात पाणी गेलं होतं, ती भीती अजून मनात आहे. नवरा ५१ वर्षांचा, नदीत पोहून तयार झालेला, पण रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलगी १२ वर्षांची, सगळा हट्ट तिचाच. डिसेंबरात मालवणला जातोय, जमलं तर पुढच्या वर्षी अंदमान. स्कुबा करावं की स्नॉर्केलिंगवर भागवावं? कान फुटतात असं ऐकलंय. आणि मालवणात खरंच प्रवाळ दिसतं का?"

ताई, आधी थेट उत्तरं देतो. पोहता येत नसलं तरी तुम्हाला दोन्ही करता येईल. पहिल्या दिवशी स्नॉर्केलिंग करा, म्हणजे पाण्यावर पालथं तरंगत नळीने श्वास घेत खाली बघायचं; दुसऱ्या दिवशी स्कुबा, म्हणजे सिलिंडरमधली हवा घेत पाण्याखाली उतरायचं. यजमानांनी डॉक्टरांचं लेखी मत घेतल्याशिवाय स्कुबा करू नये. मुलीचं वय चालतं, दहा वर्षं पुरी झाली की बहुतेक आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नियमांत बसतं. कान फुटायला नको असतील तर घाई करायची नाही. आणि मालवणात प्रवाळ आहे, फक्त जाहिरातीतल्या फोटोसारखं नाही.

माझं लहानपण देवबागात गेलं. घरात रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरण्याचा धंदा, त्यामुळे समुद्र वरून माहीत होता. खालून बघायला लागून आता सोळा वर्षं झाली. हंगामाचा अर्धा भाग इथे तारकर्ली-मालवणात आणि अर्धा अंदमानात स्वराज द्वीपावर, असं माझं काम चालतं. पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्या माणसाचा हात धरून त्याला उतरवणं, हेच त्यातलं मुख्य काम. त्या अनुभवावरून एक गोष्ट तुम्हाला ठामपणे सांगतो. पाण्याखाली तुम्हाला जे सांभाळतं, तेच प्रवाळालाही सांभाळतं: सावकाश श्वास आणि हातपाय न झाडता तरंगणं. घाबरलेला माणूस धडपडतो, धडपडणारा माणूस खाली जे हाताला येईल ते धरतो आणि त्याच्या हाताला येतं ते बहुधा प्रवाळ असतं. म्हणून पुढचं जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं तुमच्या श्वासाबद्दलच आहे.

पोहण्याचं बघू. पहिल्या अनुभवाच्या डाइव्हसाठी पोहता येण्याची अट नसते. मात्र पुढे ओपन वॉटरचा, म्हणजे स्कुबा शिकण्याचा पहिला रीतसर कोर्स करायचा असेल तर २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगत राहणं जमावं लागतं. मी असं पाहिलंय की पोहता न येणारे लोक पुष्कळदा चांगले शिकतात, कारण ते सांगितलेलं ऐकतात. नदीत किंवा विहिरीत पोहलेल्या माणसाचे हात पाण्यात गेले की आपोआप चालू लागतात. पाण्याखाली हातांचं काहीच काम नसतं. हात पोटाशी धरायचे आणि पाय कमरेपासून सावकाश हलवायचे. यजमानांना हे आत्ताच सांगून ठेवा. कृष्णेत पोहायची त्यांची सवय स्नॉर्केलिंगला उपयोगी पडेल, स्कुबाला मात्र तीच सवय आवरावी लागेल. जोरात पोहलं की धाप लागते, धाप लागली की हवा झपाट्याने संपते आणि छातीत कोंडल्यासारखं वाटतं. भीतीची सुरुवात तिथूनच होते.

तुमच्या भीतीबद्दल. नाकातोंडात पाणी गेलेलं असतं त्यांची खरी अडचण पाण्याची नसते, नाकाची असते. मास्कमध्ये नाक बंद असतं आणि श्वास फक्त तोंडाने घ्यायचा असतो. हे शरीराला पटायला वेळ लागतो. त्यासाठी घरी एक सराव करा. साधा स्नॉर्केल, म्हणजे श्वास घ्यायची वाकडी नळी विकत आणा, मास्क नको. मोठ्या बादलीत किंवा टबात पाणी भरा, स्नॉर्केल तोंडात धरा आणि नाकासकट चेहरा पाण्यात बुडवा. पहिल्या वेळी दोन सेकंदांत डोकं वर काढाल. काढा. पुन्हा बुडवा. नाकाला पाणी लागलेलं असताना तोंडाने श्वास घेता येतो हे एकदा मेंदूला कळलं की अर्धी भीती गेली. मुलीला शेजारी उभं राहू द्या, एकट्याने करू नका. रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. इतका सराव करून आलेल्या माणसाला उतरवताना माझं काम खूप हलकं होतं.

श्वास सोडण्यावर लक्ष ठेवा, घेण्यावर नाही. घाबरलेला माणूस आत ओढत राहतो आणि नीट सोडत नाही, म्हणून हवा असूनही कमी पडल्यासारखी वाटते. चार मोजून घ्या, सहा-सात मोजून सोडा. बुडबुड्यांचा आवाज ऐका. आणि स्कुबाचा सगळ्यात मोठा नियम: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. पाच मीटरवर छाती भरून घेतलेली हवा तशीच कोंडून वर आलात तर पृष्ठभागावर ती दीडपट जागा मागते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. श्वास चालू असेल तर जास्तीची हवा आपोआप बाहेर पडते. स्नॉर्केलिंगला हा धोका नाही, कारण तिथे वरच्या साध्या हवेतलाच श्वास असतो. सिलिंडरात ऑक्सिजन भरलेला असतो असा आपल्याकडे समज आहे. तसं नसतं. आपण आत्ता घेतोय तीच हवा, २१ टक्के ऑक्सिजनची, गाळून आणि दाबून भरलेली असते.

आता कान. आंबोलीचा घाट चढताना कानात दडा बसतो, आवंढा गिळला की सुटतो, हे तुम्हाला माहीत आहे. समुद्रसपाटीवरून आंबोलीच्या जवळपास सातशे मीटर उंचीपर्यंत जाताना हवेचा दाब जेवढा घटतो, साधारण तेवढाच तो पाण्यात पहिल्या ८० सेंटिमीटरमध्ये वाढतो. म्हणजे बोटीच्या शिडीवरून डोकं खाली गेलं की एक घाट उतरून झाला. पाच मीटर खाली जाणं म्हणजे असे सहा घाट एकामागून एक. म्हणून कान दुखायला लागल्यावर नाही, त्याआधीच मोकळे करायचे. मास्कच्या वरून नाक चिमटीत धरायचं आणि बंद नाकात हलकेच हवा ढकलायची. दोन्ही कानांत बारीक टक् असं होतं. दर अर्ध्या मीटरला हे करायचं. कान मोकळा झाला नाही तर जोर लावायचा नाही, प्रशिक्षकाला कानाकडे बोट दाखवून हात डुगडुगवायचा, थोडं वर यायचं, पुन्हा करायचं. जोर लावला तर दाब आतल्या कानापर्यंत जातो आणि ती दुखापत बरी व्हायला फार वेळ घेते.

हे मी स्वतः भोगलंय. शिकत असताना सर्दी झालेली होती, प्रशिक्षकांपासून ती लपवली, कारण डाइव्ह चुकवायचा नव्हता. सात मीटरवर डाव्या कानात कळ आली, मी नाक दाबून जोरात फुंकलं. वर आलो तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं. सहा आठवडे पाण्यात उतरायची बंदी झाली आणि त्या हंगामातलं सगळं काम गेलं. म्हणून ज्याला सर्दी आहे त्याला मी उतरवत नाही, कितीही लांबून आला असला तरी. सर्दीची गोळी घेऊन नाक मोकळं झालंय असं सांगणाऱ्यालाही नाही. गोळीचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना हवा अडकते आणि तो प्रकार आणखी वाईट. तुमच्या सहलीच्या दिवशी कुणाला सर्दी असेल तर तो माणूस सिंधुदुर्ग किल्ला बघेल, एवढं घरीच ठरवून या.

यजमानांच्या गोळीबद्दल: रक्तदाब आटोक्यात असेल तर बऱ्याच जणांना डॉक्टर परवानगी देतात. पण पाण्यात बुडलं की हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं, हृदयावरचा भार वाढतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे अचानक कष्ट पडले तर हृदय हवा तेवढा वेग घेत नाही. म्हणून गोळीचं नाव दाखवून डॉक्टरांना नेमकं विचारा. दमा, फिट येणं, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, फुप्फुस एकदा बसून गेलेलं असणं, गरोदरपण, यातलं काही असेल तर स्कुबाचा विचार डॉक्टरांशिवाय करूच नये. गरोदर बाईने तर अजिबात नाही. डाइव्हआधी जो आरोग्याचा फॉर्म भरून घेतात त्यात खरं लिहा. तो फॉर्म नुसता सहीसाठी पुढे करत असतील, वाचूही देत नसतील, तर दुसरी जागा शोधा. आणि बायका विचारायला लाजतात म्हणून मीच सांगतो: पाळी चालू असताना डाइव्ह करायला हरकत नाही, बरं वाटत असलं म्हणजे झालं.

स्नॉर्केलिंग आधी का? कारण पाण्यात चेहरा घालून खालचं जग बघताना माणूस भीती विसरतो. लाइफ जॅकेट घालायचं, पालथं पडायचं, प्रशिक्षकाच्या हाताला किंवा रिंगला धरायचं. समुद्राचं पाणी नदीपेक्षा जास्त उचलून धरतं, हे तुम्हाला तिथे पाठीत कळेल. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. केसांची बट आत राहिली की पाणी गळतं, मिशीतूनही गळतं. यजमानांना मिशी असेल तर वरच्या ओठावर थोडं व्हॅसलीन लावायला सांगा. काचेवर धुकं येऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळून घ्यायची, त्याची किळस करू नका, आम्ही सगळे तेच करतो. मुलीसाठी लहान मापाचा मास्क आहे का, हे फोनवरच विचारून ठेवा. मोठ्या मापाचा मास्क घालून पोरांना उतरवतात आणि पोरगं पाणी आत आल्यामुळे घाबरतं, मग पुढची दहा वर्षं समुद्राजवळ जात नाही.

स्कुबाच्या नावाखाली नेमकं काय मिळतं, तेही बोलू. आमच्या किनाऱ्यावर एका दिवशी शेकडो माणसं उतरवली जातात. काही ठिकाणी सिलिंडर बोटीवरच असतो, लांब नळी तोंडात देतात, माणसाला शिडीवरून खाली नेतात, खडकाला धरून बसवतात, व्हिडिओ काढतात आणि सहा-सात मिनिटांत वर आणतात. पाणी बघायला मिळतं हे खरं. पण उथळ पाण्यात सराव नाही, मास्कमधलं पाणी कसं काढायचं ते शिकवलेलं नाही, आणि हात मात्र प्रवाळाच्या खडकावर. मला याचं वाईट वाटतं, कारण ही माणसं माझ्याच गावची आहेत, दर्यावर्दी आहेत, त्यांना याहून चांगलं करता येतं आणि कित्येक जण करतातही. तुम्ही बुकिंगच्या आधी विचारा: माझ्यासोबत पाण्यात एक माणूस पूर्ण वेळ असेल का? त्याचं प्रशिक्षकाचं किंवा डायव्ह मास्टरचं कार्ड बघायला मिळेल का? समुद्रात जाण्याआधी उथळ पाण्यात किती वेळ सराव? बोटीवर आणीबाणीचा ऑक्सिजन आहे का? पहिल्या डाइव्हला १२ मीटरच्या खाली नेत नाहीत, आणि मालवणात तुम्हाला त्याच्या निम्म्यानेही भागेल. तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे सरावाचा तलाव आहे. खाजगी मंडळींतही चांगले लोक आहेत. दोनचारशे रुपये वाचवायला स्वस्ताच्या मागे जाऊ नका, एवढीच विनंती.

सरावात दोन गोष्टी हातात बसल्याशिवाय पुढे जाऊ नका. मास्कमध्ये पाणी आलं तर मास्कची वरची कड कपाळावर दाबायची, नजर थोडी वर करायची आणि नाकाने फुंकायचं, पाणी खालून निघून जातं. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा देणारा तोंडातला भाग निसटला तर बारीक बुडबुडे सोडत तो पुन्हा धरायचा, तोंडात घालून एकदा जोरात फुंकायचं आणि मग श्वास घ्यायचा. दोन्ही कंबरभर पाण्यात चारपाच वेळा करून बघा. आणि खुणा. पाण्याखाली सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. नुसता अंगठा वर करणं म्हणजे "मला वर जायचंय". आपल्या लोकांना "मस्त!" म्हणून अंगठा दाखवायची इतकी सवय आहे की रोज कुणीतरी आनंदाने अंगठा दाखवतं आणि मी त्याला वर आणतो. वर आल्यावर ते विचारतात, एवढ्यात का आणलंत? मी खूण मानतो, मानलीच पाहिजे. तुम्हाला कधीही वर यायचं असेल तर अंगठा दाखवा, कारण द्यायची गरज नाही. हे मुलीला विशेष सांगा. हट्ट तिचा असला तरी बोटीवर बसल्यावर "नको" म्हणायचाही हक्क तिचाच.

आता ज्यासाठी हे सगळं करायचं त्याबद्दल.

आपल्याकडे मंगळासाठी बोटात पोवळं घालतात. ते लाल पोवळं भूमध्य समुद्रासारख्या लांबच्या पाण्यातलं, पण ज्या प्राण्याचा तो सांगाडा आहे, त्याच्याच गोतावळ्यातले प्राणी तुम्ही किल्ल्याच्या मागे बघणार आहात. प्रवाळ म्हणजे दगड नाही आणि झाडही नाही. मुगाच्या दाण्याएवढे, कधी त्याहून लहान, मऊ शरीराचे हजारो जीव शेजारी शेजारी बसतात आणि पाण्यातला चुना घेऊन आपल्याखाली घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं, रंगही बहुतेक त्याचाच. म्हणून प्रवाळाला उथळ, उबदार आणि स्वच्छ पाणी लागतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभराने जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की हे शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं, २०२४ मध्ये जगभर झालं. पांढरं पडलेलं प्रवाळ लगेच मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर ते सावरतं.

मालवणात जे आहे त्याला खऱ्या अर्थाने प्रवाळ बेट म्हणता येणार नाही. कुरटे बेटाच्या खडकावर १६६४ साली सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं, त्याच खडकाच्या बुडाशी, पाण्याखालच्या खडपांवर जागोजागी प्रवाळ वाढलंय. बरंचसं गोळ्याच्या किंवा चपट्या पापुद्र्याच्या आकाराचं, तपकिरी, पिवळसर, हिरवट. फांद्याफांद्यांची, निळी-जांभळी बाग इथे मिळणार नाही. आपल्याकडे नद्या आणि खाड्या पावसाळ्यात गाळ आणतात, गोडं पाणी आणतात, आणि नाजूक फांदीवाल्या जाती ते सोसत नाहीत. जे टिकलंय ते चिवट आहे. मला म्हणूनच ते जास्त जवळचं वाटतं. गोल गोळ्यासारखं जे प्रवाळ दिसेल, ते सगळ्या बाजूंनी वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. मोठ्या हंड्याएवढा गोळा दिसला तर तो वीस-पंचवीस वर्षांचा आहे असं धरा, म्हणजे तुमच्या मुलीपेक्षा मोठा. त्यावर एकदा फिन (पायात घालायचा पंख) आपटला किंवा गुडघा टेकला की वरचे मऊ जीव चिरडतात आणि त्या जागी शेवाळ धरतं. फिनने उडालेली वाळूही त्यांच्या तोंडावर बसते. हे मुलीला आधी सांगून ठेवलंत तर ती तुम्हा दोघांपेक्षा जास्त सांभाळून राहील. पोरं हे फार चटकन मनावर घेतात.

इथला समुद्राचा २९ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ सालापासून मालवण सागरी अभयारण्य आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ सालापासून दगडी प्रवाळाला वाघाच्याच अनुसूचीत जागा आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही घरी नेता येत नाही. अंदमानात तर विमानतळावर सामान तपासताना हे आवर्जून बघतात.

आणि ब्रेडबद्दल. खाली गेलात की पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे तळहाताएवढे मासे तुमच्याभोवती गर्दी करतील. ती गर्दी पुष्कळदा ब्रेडसाठी किंवा बिस्किटासाठी असते, व्हिडिओ भरगच्च दिसावा म्हणून कुणीतरी मुठीत घेऊन गेलेलं असतं. तुमच्या गाइडला बोटीवरच सांगा, आम्हाला ब्रेड नको. त्याला वाईट वाटणार नाही, त्याला फक्त वाटत असतं की पर्यटकाला हेच हवंय. ब्रेड नसेल तर हेच मासे आपापल्या कामात दिसतात. खडकावर जांभळट रंगाचा एखादा ठिपक्यांचा पट्टा दिसेल, ती त्यांची अंडी. नर तिथे राखणीला असतो आणि त्याच्या दसपट मोठ्या माशाच्याही अंगावर धावून जातो. दोन मिनिटं एका जागी निवांत तरंगलात तर फटीतून एखादा गोबरा मासा डोकं बाहेर काढून बघेल. पोपटमासे दगडावरचं शेवाळ कुरतडताना कुरकुर असा आवाज येतो, तो पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, फक्त कुठून येतोय ते कळत नाही, कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगाने जातो आणि दोन्ही कानांत जवळजवळ एकदमच पोचतो. सगळं खरं आहे त्यापेक्षा मोठं आणि जवळ दिसेल, हात लांब करून अंतर मोजायला जाऊ नका. काळे लांब काटेवाले समुद्रसाळू खडपांत असतात, बोटात काटा मोडला तर निघता निघत नाही. दगडात दगड होऊन बसणारे विषारी मासेही असतात. काहीच न धरण्याचं हे दुसरं कारण.

रंगांबाबत निराश होऊ नका. लाल रंग पाण्याच्या पहिल्या काही मीटरमध्येच विरतो, म्हणून खाली सगळं निळसर-तपकिरी दिसतं. फोटोतला लाल-केशरी रंग टॉर्चच्या किंवा फ्लॅशच्या उजेडाने आणलेला असतो. शिवाय मालवणात चांगल्या दिवशी पाच-सात मीटरपर्यंत दिसतं, गढूळ दिवशी हातभर. अंदमानात वीस मीटरपर्यंत सहज दिसतं. तिथे नदीचा गाळ कमी आणि बेटांना लागूनच खरी प्रवाळ किनार आहे. स्वराज द्वीपावर, ज्याला २०१८ पर्यंत हॅवलॉक म्हणत, नेमो रीफला किनाऱ्यावरून चालत पाण्यात जाता येतं, बोटीची उडी नाही, तुमच्यासारख्यांसाठी ते फार सोयीचं. स्नॉर्केलिंगला एलिफंट बीच. मालवणात सराव करून पुढच्या वर्षी तिथे गेलात तर तुमचं लक्ष श्वासावर नाही, प्रवाळावर असेल. हा क्रम मला सगळ्यात चांगला वाटतो. उलट क्रमाने गेलेले लोक मालवणात येऊन "इथे काही नाही" म्हणतात, ते ऐकून मला त्रास होतो. (कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक, कोकण किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, हे महाराष्ट्रासमोरचं खरं मोठं प्रवाळ. पण तिचा माथाच वीस मीटरच्या आसपास खोल आहे, ती नवशिक्यांची जागा नाही.)

बरोबर आणायचं फारसं काही नाही. लांब बाह्यांचा घट्ट स्विमिंगचा टीशर्ट आणा, तो ऊनही अडवतो आणि सनस्क्रीन कमी लागतं. सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं प्रवाळाला बाधतात, म्हणून हवाईने ती विकायला बंदी घातलीय. मंगळसूत्र आणि अंगठ्या खोलीवर ठेवा. सकाळी हलकं खा, उपाशी येऊ नका, आदल्या रात्री दारू नको. बोट लागत असेल तर गोळीचं डॉक्टरांना विचारून ठेवा. बोटीत बसल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर, बांधलेलं. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. तो हंगामाचा शेवट होता. मेच्या शेवटी समुद्र बदलतो, तेव्हा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख नको म्हणाला तर त्याला पैशाचा आग्रह करायचा नाही.

परतीचं गणित मात्र आधीच मांडून ठेवा, कारण सांगलीकर इथे चुकतात. सकाळी डाइव्ह केला, दुपारी मासे जेवले आणि संध्याकाळी गाडी आंबोलीला किंवा फोंडा घाटाला लावली, असं करू नका. दाबाखाली श्वास घेताना रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि वर दाब कमी झाला की तो बुडबुडे होऊन सांध्यांत अडकू शकतो. डाइव्हनंतर विमानप्रवासासाठी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्ह करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेचा सल्ला आहे, एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास थांबा, अनेक असतील तर १८. सहाशे मीटरच्या वरची उंचीही त्याच हिशेबात धरतात आणि आंबोली त्याच्या वर आहे. तुमच्या पाच-सहा मीटरच्या छोट्या डाइव्हला धोका अगदी कमी, तरी रात्र मालवणात काढून दुसऱ्या दिवशी सकाळी घाट चढा.

तारीख अजून ठरली नसेल तर कॅलेंडरात सुट्टीसोबत तिथीही बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी जोरात आत-बाहेर होतं, तळाची वाळू उठते आणि काही दिसत नाही. अष्टमी ते एकादशीच्या दरम्यान भांगाचं पाणी असतं, संथ आणि त्यातल्या त्यात नितळ. डिसेंबरात सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, समुद्र तेलासारखा पडलेला असतो. अकरानंतर खारा वारा सुटला की लाटा उठतात आणि बोट हलू लागते. पहिल्या दिवशी आठच्या बोटीने स्नॉर्केलिंग, दुपारी तलावात सराव, दुसऱ्या दिवशी पुन्हा आठची बोट. नाताळच्या आठवड्यात मात्र येऊ नका, त्या गर्दीत कुणालाच तुमच्याकडे नीट लक्ष देता येत नाही.